स्क्वाड्रनच्या चिन्हात हंस, वाघ, खंजीर कुठून येतात? आणि घराच्या पाटीवर ते चिन्ह लावता येतं का?

सांबऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. आमचे मामंजी हवाई दलात इंजिन फिटर होते, बरीच वर्षं ४४ स्क्वाड्रनमध्ये. आयएल-७६ या मालवाहू विमानांवर काम केलं. आता सांबऱ्यात जुन्या घराच्या जागी नवीन घर बांधलंय आणि दारावरच्या पाटीवर नावाबरोबर स्क्वाड्रनचं चिन्ह असावं असं आम्हा सगळ्यांना वाटतंय. ते स्वतः काही बोलत नाहीत, पण ट्रंकेतून पॅच काढून माझ्या हातात दिला.

तळहाताएवढा कापडी पॅच आहे. गोलाची कड एका बाजूनं उसवलीय, हंसाच्या पंखातला धागा पिवळट पडलाय. वर सिंह, खाली पट्टीवर ‘इष्टं यत्नेन साधयेत्’. मागच्या बाजूला इंजिन ऑइलचा डाग आहे, तो धुऊन काढू नको म्हणून त्यांनी बजावलंय.

दोन प्रश्न आहेत. एक, यातल्या कशाचा अर्थ काय? माझा मुलगा विचारतोय की एवढ्या अवाढव्य विमानाला हंस कशाला, गरुड का नाही. दोन, ते जसंच्या तसं पाटीवर रंगवलं तर चालतं का? पेंटर शनिवारी येणार आहे.

वडगावकर
मस्त धागा. पहिली खुर्ची माझी.

निवृत्त_वॉरंट_खानापूर
ताई, मामंजींना माझा नमस्कार सांगा. ऑइलच्या डागाचं त्यांनी बरोबरच सांगितलंय.

आधी चौकट समजून घ्या. हवाई दलातल्या कुठल्याही स्क्वाड्रनचा क्रेस्ट, म्हणजे अधिकृत चिन्ह, घेतला तरी बाहेरचा सांगाडा एकच असतो. वर अशोकस्तंभाचे सिंह, मध्ये गोल, गोलावर युनिटचं नाव आणि नंबर, खाली पट्टीवर ब्रीदवाक्य. गोलाच्या आत जे आहे तेवढंच त्या स्क्वाड्रनचं स्वतःचं. बाकीचं सगळ्यांचं.

ही पद्धत इंग्रजांकडून आली. पूर्वी त्यांच्या स्क्वाड्रन आपापल्या हौसेनं विमानांवर चित्रं काढायच्या, कुणाचा मेळ कुणाला नाही. १९३०च्या दशकात त्यांनी राजचिन्हांच्या खात्यातला जाणकार नेमला, एक ठरावीक चौकट केली आणि १९३६ पासून राजाच्या सहीनं चिन्हं मंजूर व्हायला लागली. त्यांच्या चौकटीत वर राजाचा मुकुट. आपण प्रजासत्ताक झालो, मुकुट गेला आणि त्या जागी सिंह आले.

आता हंस. ४४ स्क्वाड्रन १९६१ मध्ये उभी राहिली ती आयएल-७६ वर नव्हे, एएन-१२ वर. काम होतं लडाखला माल पोचवायचं. नाव पडलं ‘हिमालयन गीज’. तो पक्षी म्हणजे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. मध्य आशियातून हिमालय ओलांडून हिवाळ्याला आपल्याकडे येतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. १९६२च्या ऑक्टोबरात याच एएन-१२ नी एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला नेऊन उतरवले, चौदा हजार फुटांच्या आसपासच्या धावपट्टीवर. गरुड शिकार करतो. ओझं घेऊन हिमालय पार करायचा आणि परत यायचं, हे काम हंसाचं. मुलाला असं सांगा.

सांबऱ्याची_सून
काका, वाचून दाखवलं. मामंजी एवढंच म्हणाले, “बरोबर लिहिलंय.” त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

कडोलीचा_रवी
पट्टकादंब बघायला हिमालयात कशाला जायचं? गदग जिल्ह्यात मागडीच्या तळ्यावर दर हिवाळ्याला येतात की. आम्ही हुबळीहून मोटरसायकलनं गेलतो. पाण्यात शेकड्यानं बसलेले असतात आणि सगळे एकदम उठले की आवाज अंगावर येतो. पोराला घेऊन जावा ताई, डिसेंबर-जानेवारीत. आजोबांची स्क्वाड्रन तिथं दिसंल त्याला.

वडगावकर
नावांत गंमत बघा. चिनूक हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या चंदीगडच्या १२६ युनिटचं नाव ‘फेदरवेट्स’! त्याआधी तिथं एमआय-२६ होती, जगातलं सगळ्यात मोठं हेलिकॉप्टर. हत्तीला पिसू म्हणण्यातला प्रकार. ज्यानं कुणी हे नाव सुचवलं त्याला माझा सलाम.

इतिहासवेडा_शहापूर
वॉरंट काकांनी इंग्रजी चौकटीचा विषय काढला म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यात आपल्या भागाशी संबंध असलेली एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते.

दुसऱ्या महायुद्धात संस्थानिकांनी विमानांसाठी पैसे दिले आणि त्या बदल्यात रॉयल एअर फोर्सच्या काही स्क्वाड्रनना संस्थानांची नावं मिळाली. १५२ ही ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन, तिच्या चिन्हात निजामाचं शिरोभूषण. १२९ ही ‘म्हैसूर’ स्क्वाड्रन, १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिलेली, स्पिटफायर उडवणारी. तिच्या चिन्हात काय होतं? गंडभेरुंड. दोन डोक्यांचा तो पक्षी, म्हैसूरच्या वडियारांचा. म्हणजे इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढणाऱ्या वैमानिकांच्या क्रेस्टवर गंडभेरुंड होता.

त्याहून आधी, पहिल्या महायुद्धात, निजामाच्या पैशातून ११० स्क्वाड्रनला विमानं मिळाली होती. तिच्या चिन्हात ताऱ्यांच्या मुकुटातून वर येणारा अर्धा वाघ आहे. आणि ३१ स्क्वाड्रन, जी १९१५ मध्ये हिंदुस्थानात लष्करी विमानं घेऊन आलेली पहिली, तिच्या चिन्हात ‘स्टार ऑफ इंडिया’चा तारा आणि ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, ‘हिंदुस्थानच्या आकाशात पहिले’ अशा अर्थाचं.

यावरून चिन्ह कसं ठरतं ते कळतं. कुणाच्या पैशानं, कुठल्या मुलखात, कुठल्या कामासाठी युनिट उभं राहिलं ते त्यात बसवलेलं असतं. दिसायला छान म्हणून वाघ घेतला असं सहसा नसतं.

निपाणीकर
गंडभेरुंड म्हणजे सध्याच्या कर्नाटक सरकारचंच चिन्ह ना? रोज सरकारी कागदावर बघतोय आम्ही. आमच्या अर्जाला मराठीत उत्तर येत नाही त्या कागदावर सुद्धा तोच पक्षी असतो. तेव्हा त्याचं कौतुक आम्हाला नका सांगू.

येळ्ळूरचा_बंड्या
निपाणीकर +१

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत आणि ते चालू आहेत. इथे स्क्वाड्रनच्या चिन्हांवर बोलूया.

मलप्रभा_खानापूर
निपाणीकर दादा, तुमचं दुखणं आमचंही आहे, त्यावर वाद नाही. पण त्या पक्ष्याला सरकारच्या स्वाधीन कशाला करायचं? बळ्ळिगावीचा गंडभेरुंडाचा स्तंभ अकराव्या शतकातला आहे. तेव्हा ना आजचं राज्य होतं ना आजची सीमा. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात, ते त्याच घराण्यातलं जनावर.

मला वेगळी गोष्ट सांगायचीय. आमच्या तालुक्यातलं हलशी, म्हणजे जुनं पलाशिका, कदंबांची राजधानी. कदंबांच्या लेखांमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या येतात. लांछन सिंहाचं आणि ध्वज वानराचा. राजमुद्रेवर, नाण्यावर सिंह. रणात फडकवायच्या निशाणावर वानर. चालुक्यांचं लांछन वराह. कोल्हापूरच्या शिलाहारांचा ध्वज सुवर्णगरुडाचा. महाभारतात अर्जुनाचा रथ कपिध्वज आहेच.

हवाई दलात आज नेमकं तसंच आहे. क्रेस्ट ही स्क्वाड्रनची मुद्रा, ती कागदावर, पॅचवर, मेसच्या भिंतीवर. आणि राष्ट्रपतींकडून मिळतं ते निशाण वेगळं, ते संचलनात निघतं, त्याला सलामी असते. इंग्रजांनी चौकट दिली असेल, पण लढणाऱ्या माणसांनी एका जनावराखाली उभं राहायचं हे या मातीत हजार-दीड हजार वर्षं चालत आलंय. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात जाऊन या कधी, आणि दगडावरची जनावरं नीट बघा.

इतिहासवेडा_शहापूर
मलप्रभाताई, लांछन आणि ध्वज यांचा हा मुद्दा उत्तम. मला असा जोडायला सुचला नसता.

येळ्ळूरचा_बंड्या
सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे, रागावू नका. चित्रावर एवढा काथ्याकूट कशाला? लढाई विमान जिंकतं, वैमानिक जिंकतो, क्षेपणास्त्र जिंकतं. विमान जुनं झालं की भंगारात जाणार, त्यावरचा वाघ बी भंगारात. हवाई दलात आज स्क्वाड्रन कमी पडायलेत, त्यावर बोलूया की. हंस का गरुड यानं काय फरक पडतो?

निवृत्त_वॉरंट_खानापूर
बंडू, स्क्वाड्रन कमी आहेत हे खरं आणि त्याची काळजी मलाही आहे. पण तू जे म्हणालास ना, विमानाबरोबर वाघही भंगारात जातो, तिथंच थांब. तसं होत नाही. सगळ्या धाग्यात हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहितो.

१७ स्क्वाड्रन घे, ‘गोल्डन अॅरोज’. १९५१ मध्ये अंबाल्याला उभी राहिली तेव्हा हार्वर्ड विमानं. पुढं हंटर आली. १९७५ मध्ये मिग-२१. कारगिलच्या वेळी हीच स्क्वाड्रन, कमांडिंग ऑफिसर धनोआ, जे नंतर हवाई दलप्रमुख झाले. मग मिग निवृत्त झाली आणि २०१६ मध्ये स्क्वाड्रन ‘नंबर-प्लेट’ झाली. म्हणजे माणसं आणि विमानं दुसरीकडे गेली, पण नंबर, क्रेस्ट, नोंदवह्या, चषक जपून ठेवले. कुणा दुसऱ्याला तो नंबर नाही, तो बाण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये स्क्वाड्रन परत उभी केली, आणि बरोबर एक वर्षानं, १० सप्टेंबर २०२० ला, तिच्यात राफेल दाखल झाली. सोनेरी बाण तोच. ब्रीदवाक्य तेच, ‘उदयम् अजस्रम्’.

१८ स्क्वाड्रन, ‘फ्लाइंग बुलेट्स’. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं आली, तेव्हा आपलं छोटं नॅट विमान घेऊन एकटा भिडला तो फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र. ती स्क्वाड्रनही मधे बंद होती. २७ मे २०२० ला सुलूरला तेजस घेऊन परत आली. आज तिथं येणारा पोरगा खांद्यावर जो पॅच लावतो, तो सेखोंच्या स्क्वाड्रनचा आहे. त्यानं नॅट कधी पाहिलेलं नसेल. पण ‘तीव्र और निर्भय’ हे वाचतच तो रोज विमानापाशी जातो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. ‘पँथर्स’ची ती शेवटची मिग. विमान गेलं. पँथर गेलेला नाही, तो पुढच्या विमानाची वाट बघतोय.

फ्लाइट लाइनवर काम केलेल्या माणसाला विचार. विमानाचा शेपटी क्रमांक बदलतो, साहेब बदलतात, स्टेशन बदलतं. सर्व्हिसभर एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे डांगरीवर शिवलेलं ते गोल कापड. आम्ही एकमेकांची ओळख अजून तशीच करून देतो. गावाचं नाव नंतर, आधी स्क्वाड्रन.

येळ्ळूरचा_बंड्या
काका, हे मला माहीत नव्हतं. नंबर जपून ठेवतात हे पटलं. तरी स्क्वाड्रन वाढायला पायजेत यावर मी ठाम आहे.

निवृत्त_वॉरंट_खानापूर
त्यावर मी तुझ्या बाजूनं.

आनगोळची_आई
माझी मुलगी अग्निवीरवायू आहे. प्रशिक्षण इथंच सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये झालं. पासिंग आउट परेडला गेलो होतो. प्रशिक्षणात स्क्वाड्रनचा पॅच नसतो, सगळ्यांच्या टोपीवर हवाई दलाचं एकच चिन्ह. तिनं मला तेव्हा ते ‘नभः स्पृशं दीप्तम्’ म्हणून दाखवलं. गीतेच्या अकराव्या अध्यायातलं, विश्वरूपदर्शनातलं आहे, हे आमच्या भजनी मंडळातल्या अक्कांनी ऐकल्याऐकल्या ओळखलं आणि पुढचा श्लोक म्हणून टाकला. मुलगी बघतच राहिली. आता युनिट मिळालंय, तिथला पॅच लावून फोटो पाठवलाय. कुठलं युनिट ते इथं लिहीत नाही, पण चिन्हातलं जनावर बघून तिची आज्जी खूश आहे एवढं सांगते.

वडगावकर
काकू, लेकीचं अभिनंदन! पेढे कॅम्पात की आनगोळला?

हिंडलग्याचा_सुभेदार
आम्ही पायदळवाले. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं बेळगावात १९२२ पासून आहे. आमच्या बॅजवर बिगुल, कारण लाइट इन्फंट्रीला इशारे बिगुलानं मिळायचे. आणि आमची गर्जना मराठीत आहे: बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय. हवाई दलाच्या नावांबद्दल मला एकच तक्रार आहे. ‘फ्लाइंग डॅगर्स’, ‘वेल्ड वायपर्स’, ‘स्काय लॉर्ड्स’. देशी नावं का नाहीत?

कडोलीचा_रवी
सुभेदारसाहेब, आहेत की. जोधपूरला प्रचंड हेलिकॉप्टर आलं २०२२ मध्ये, त्या १४३ युनिटचं नाव ‘धनुष’. ‘सारंग’ची हेलिकॉप्टरं मोराच्या रंगाची. बिदरची ‘सूर्यकिरण’ तर आपल्याच राज्यातली.

इतिहासवेडा_शहापूर
माझं मत थोडं निराळं. १९४०-५०च्या काळात पडलेली इंग्रजी नावं बदलू नयेत. ज्यांनी त्या नावाखाली जीव दिला त्यांचा त्या नावावर हक्क आहे. नवीन युनिटला नवीन नाव देताना मात्र देशी द्यावं, तिथं सुभेदारसाहेबांशी सहमत. ब्रीदवाक्यं बहुतेक संस्कृत-हिंदीत आहेतच.

नौदलानं हे चांगलं केलं. २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत दाखल होताना नवा ध्वज आला, त्यातून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. दाबोळीला नौदलाच्या ज्या स्क्वाड्रन आहेत, ‘व्हाइट टायगर्स’, ‘ब्लॅक पँथर्स’, त्यांची नावं मात्र तशीच राहिली. मला हे दोन्ही योग्य वाटतं. देशाची खूण बदलावी, युनिटची जपावी.

हिंडलग्याचा_सुभेदार
हे पटतंय. पण धनुष चांगलं वाटतं ऐकायला.

सांबऱ्याची_सून
मंडळी, शनिवार जवळ आला. पाटीचं कुणी सांगेल का? पेंटर म्हणतोय, “सिंहासकट काढतो, झकास दिसंल.”

वकील_टिळकवाडी
सिंहासकट काढू नका. राज्यचिन्हाच्या अनुचित वापराला बंदी करणारा २००५ चा कायदा आहे आणि त्याखाली २००७ चे नियम आहेत. अधिकार नसलेल्या कुणालाही अशोकस्तंभाचं चिन्ह वापरता येत नाही. त्या नियमांत माजी मंत्री, निवृत्त न्यायाधीश, निवृत्त सरकारी अधिकारी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा सेवेत होते म्हणून चालेल असं होत नाही. पुष्कळ घरांवर, गाड्यांवर दिसतं, पण दिसतं म्हणून बरोबर ठरत नाही.

निवृत्त_वॉरंट_खानापूर
वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी रिवाजाचं सांगतो. पूर्ण क्रेस्ट युनिटचा असतो, माणसाचा नाही. मी स्वतः माझ्या घरावर लावलेला नाही. हंस काढा. गोल चौकट नको, सिंह नको, नुसता उडणारा हंस. खाली मामंजींचं नाव, हुद्दा, ‘निवृत्त, भारतीय वायुसेना’. ज्याला ओळखायचं तो हंसावरून ओळखतो. आणि पेंटरला पॅच द्या समोर ठेवायला. त्याच्या मनानं काढला तर बदक होईल आणि मामंजी रोज दारातून जाताना तेच बघतील. डोक्यावरचे दोन काळे पट्टे विसरू नका, मान पुढं ताणलेली, पंख वर.

खरा पॅच काचेच्या चौकटीत घालून आत दिवाणखान्यात लावा. डाग दिसू द्या.

मलप्रभा_खानापूर
अनुमोदन. आणि शक्य असेल तर रंगाऐवजी दगडात कोरून घ्या. पावसात रंग दोन वर्षं टिकत नाही आपल्याकडे. काळ्या दगडात रेषा कोरली तर नातवंडांपर्यंत राहील.

सांबऱ्याची_सून
ठरलं. नुसता हंस, दगडात. मामंजींना विचारलं ब्रीदवाक्य कोरायचं का. म्हणाले, कोरा, ते गीतेसारखंच आहे, सगळ्यांचं आहे. १९८८च्या नोव्हेंबरात मालदीवला पॅराट्रूपर घेऊन विमानं गेली त्या रात्री ते आग्र्याला ड्यूटीवर होते, हे आज पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. जेवणं झाली तरी बोलत होते. सगळ्यांचे आभार, पेंटरला नको म्हणून कळवलंय.

उचगावचा_पाटील
उशिरा आलो धाग्यावर. एक विचारायचं होतं. आमच्या आजोबांचा ब्रह्मदेशातला एक फोटो आहे, मागं विमान उभं. त्यावरच्या गोल खुणेत फक्त दोन छटा दिसतात, मधला टिपका दिसतच नाही. फोटो काळा-पांढरा म्हणून तसं दिसतंय का?

इतिहासवेडा_शहापूर
नाही, तसंच होतं ते. इंग्रजी खुणेत मध्ये लाल टिपका असायचा. जपानी विमानांवर लाल सूर्य, म्हणून लढाईच्या गडबडीत आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालायची भीती. म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला आणि गडद निळा, फिकट निळा एवढंच ठेवलं. हिंदी हवाई दलाच्या विमानांवरही तेच. आज आपल्या विमानांवर दिसतो तो केशरी-पांढरा-हिरवा गोल स्वातंत्र्यानंतरचा. विमान एका इंजिनाचं आहे का? असेल तर हरिकेन असू शकतं. त्या आघाडीवर आपली ६ स्क्वाड्रन हरिकेनमधून टेहळणीचे फोटो काढायची, चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणायचे तिला. फोटो स्कॅन करून टाका, शेपटीकडचा भाग मोठा करून. अक्षरं वाचता आली तर पुढचं शोधता येईल.

उचगावचा_पाटील
एकाच इंजिनाचं आहे. रविवारी गावाकडं जातोय, चुलत्यांकडून मूळ फोटो घेऊन टाकतो.